गाळलेल्या ओळी

"तुम्हीच का त्या पंपाचं आतलं लिहिणाऱ्या?"

कुपवाडच्या आमच्या कारखान्याच्या बाहेरच्या खोलीत, बाकाच्या अगदी कडेवर बसलेल्या एका बाईंनी मला हे विचारलं. पंचावन्नच्या आसपासच्या. अंगावर इस्त्रीची फिकट निळी साडी, गळ्यात बारीक साखळी आणि तिला क्रूस. मी म्हटलं, हो, पंपाचा प्रोग्राम लिहिणारी मी. तशा त्या उठून उभ्या राहिल्या. माझ्याहून वीस वर्षांनी मोठी बाई माझ्यासमोर हात बांधून उभी राहिली, ते मला बघवेना.

"मी फिलोमिना बारदेस्कर. आजऱ्याहून आलेय. त्या दिवशी वॉर्डात मी होते."

एवढं ऐकल्यावर मला सगळं कळलं. त्या दिवसाशिवाय कारखान्यात महिनाभर दुसरं काही बोललंच जात नव्हतं.

आम्ही सिरिंज पंप बनवायचो. हातभर लांबीचं यंत्र. त्यात औषध भरलेली सिरिंज बसवायची, की यंत्र ती मुंगीच्या गतीनं दाबत राहतं आणि औषध नळीतून रोग्याच्या शिरेत जात राहतं. नळी कुठं मुडपली तर औषध अडतं, आत दाब वाढतो आणि यंत्रानं अशा वेळी कर्कश ओरडायचं असतं. आजऱ्याच्या एका खासगी इस्पितळात स्वप्नाली नावाच्या बाळंतिणीला असाच पंप लावला होता. बाळंतपणात रक्त फार गेलेलं, रक्तदाब टिकवून धरणारं औषध चालू. दुपारी कूस बदलताना नळी तिच्या अंगाखाली मुडपली. पंप ओरडला नाही. रक्तदाब पुन्हा मोजायची वेळ यायच्या आत ती कोसळली आणि संध्याकाळी गेली. मुलगी वाचली होती. ती आजीकडे होती.

पंप पोलिसांनी सील करून ठेवला. आमचा सर्व्हिसचा माणूस जाऊन आला, त्यानं पोलिसांसमोर यंत्राची स्वतःची तपासणी चालवून दाखवली, भोंगा वाजला, दिवे लागले. कंपनीनं लेखी कळवलं, यंत्र निर्दोष आहे, आवाज बंद करण्याचं बटण हातानं दाबलं गेलं असावं. त्या 'असावं'ला धरून इस्पितळानं फिलोमिना सिस्टरना घरी बसवलं आणि चौकशी समिती नेमली.

"मी बटण दाबलं नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही आत बघा. काहीतरी सापडेल. मी चोवीस वर्षं हेच काम केलंय."

मी त्यांना वर नेलं नाही, न्यायची परवानगी नव्हती. पण माझ्या टेबलावरच्या पंपावर मी तोच प्रयोग शंभरदा केला होता. नळी चिमटीत धरली की थोड्या वेळात पंप ओरडायचा. एकदाही चुकला नव्हता. मी त्यांना तसंच सांगितलं. त्यांनी मान हलवली. मग पिशवीतून काजूची पुडी काढून माझ्या हातात ठेवली, आमच्या घरच्या झाडाचे आहेत म्हणाल्या, आणि एसटी चुकेल म्हणून गेल्या.

पुढच्या आठवड्यात त्या पुन्हा आल्या. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा. दर वेळी चेहरा जरा जास्त उतरलेला असायचा. तिसऱ्या खेपेला त्यांनी काही विचारलंच नाही, नुसत्या बसून राहिल्या. वॉचमननं चहा दिला, तो गार झाला. निघताना म्हणाल्या, घरावर कुणीतरी शेण फेकलं. आणि हळूच म्हणाल्या, "तुम्ही सगळे म्हणता तसंच असेल का हो?"

माझ्या हातात तेव्हा एक कंटाळवाणं काम होतं. आमचे अण्णा, म्हणजे कंपनीचे मालक आदगोंडा मगदूम, नवा पंप काढायच्या तयारीत होते. त्याआधी जुना प्रोग्राम झाडून-पुसून घ्यायचा होता. तो सी भाषेत लिहिलेला आणि एकाच प्रोग्रामवर आमची तिन्ही यंत्रं चालायची, लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालणारा मोठा पंप, साध्या चिपवरचा छोटा पंप आणि नर्सच्या टेबलावरचा विंडोजचा पडदा. कुठल्या ओळी कुठल्या यंत्रासाठी, हे सांगायला मध्ये मध्ये अटी घातलेल्या असतात. मोठा पंप असेल तर या ओळी घे, नसेल तर गाळ. लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपाइलर या अटी वाचतो आणि जे गाळायचं ते मुकाट्यानं गाळतो. गाळलं म्हणून सांगत नाही. त्याच्या लेखी ती चूक नसतेच.

दहा-बारा वर्षांत किती हातांनी तो प्रोग्राम लिहिला होता, आणि प्रत्येकानं यंत्राचं नाव आपापल्या मर्जीनं लिहिलेलं. मोठ्या पंपालाच कुणी नुसतं 'लिनक्स' म्हटलेलं, कुणी मागेपुढे दोन-दोन अधोरेषा जोडून, कुणी सगळी मोठी अक्षरं वापरून. तेच विंडोजचं. एका घरातल्या माणसाला कुणी बाळासाहेब, कुणी बाळू, कुणी पाटील म्हणावं, तसं. मला सगळीकडे एकच नाव करायचं होतं. दिवसभर तेच. फाइल उघड, अट शोध, नाव बदल, पुढे चल. डोक्यात मात्र सिस्टरांचा तो गार झालेला चहा.

अशा साफसफाईची परीक्षा सोपी असते. नुसती नावं सारखी केली, तर तयार होणारा प्रोग्राम आधी होता तसाच निघायला हवा, तसूभरही फरक नको. माझ्या संगणकावर तो तसाच निघाला. कारखान्यात विक्रीच्या पंपांत जो प्रोग्राम भरतात, तो खालच्या मजल्यावरच्या वेगळ्या संगणकावर तयार व्हायचा. मी तिथंही एकदा करून बघावं म्हणून खाली गेले. तिथं तो मोठा निघाला.

मला वाटलं माझं काहीतरी चुकलं. पुन्हा केलं. पुन्हा मोठा. नावं सारखी केल्यावर प्रोग्राम वाढतो याचा अर्थ एकच होतो. आधी काहीतरी गाळलं जात होतं, ते आता आत आलं. काय आत आलं ते शोधायला मला वेळ लागला नाही. नळीतल्या दाबावर लक्ष ठेवणारा भाग. त्याच्या डोक्यावरची अट नुसत्या 'लिनक्स' या नावाची होती. छोट्या पंपात ते काम एक वेगळी चिप करते, म्हणून अट नाही जुळली तर तिथं काहीच नव्हतं. रिकामं.

माझ्या संगणकावर, आणि म्हणून माझ्या टेबलावरच्या पंपातही, ते नाव ओळखलं जात होतं. इथं का नाही? मी त्या संगणकाच्या सूचना वाचत गेले. कंपाइलरला सांगितलं होतं, भाषेचे नियम काटेकोर पाळ. काटेकोर नियमांत तो अधोरेषांवालं नाव ओळखतो, पण नुसतं 'लिनक्स' त्याच्या ओळखीचं राहत नाही. ती सूचना त्या वर्षी उन्हाळ्यात घातलेली होती. म्हणजे उन्हाळ्यापासून बाहेर गेलेला प्रत्येक मोठा पंप, आजऱ्याचाही.

मी मुजावर सरांना हाक मारली.

यासीन मुजावर कंपनीत पहिल्या दिवसापासून होते. मला या कामातलं जे येत होतं ते त्यांनी शिकवलेलं. कमी बोलणारे, पान खाणारे, कुणाची चूक निघाली तर ती त्याला बाजूला घेऊन सांगणारे. त्यांनी माझ्या खांद्यावरून पडदा वाचला, मग खाली बसून पुन्हा वाचला. गोदामात जाऊन त्यांनी स्वतः एक बांधून ठेवलेलं खोकं फोडलं, पंप काढला, सिरिंजमध्ये पाणी भरलं, नळी दोन बोटांत धरली. आम्ही थांबलो. त्यांचं बोट पांढरं पडलं. पंपाचा हिरवा दिवा शांतपणे जळत होता.

कारखान्यात चाचणी व्हायची, पण ती वेगळ्या प्रोग्रामवर. तो भोंगा वाजवून बघायचा, दाब मोजून बघायचा, सगळं ठीक म्हणायचा. मग तो पुसून खरा प्रोग्राम भरायचा. एकेक अवयव धडधाकट होता. फक्त कान आणि तोंड यांच्यामधला धागा कुणी जोडलेला नव्हता.

सरांनी नळी सोडली. "काटेकोर नियमांची ती ओळ माझी आहे," ते म्हणाले. "चांगलं व्हावं म्हणूनच घातली होती."

मी म्हटलं, पण ती अट तुम्ही लिहिली नव्हती. नुसतं नाव टाकणारा तो दुसराच कुणीतरी, केव्हाच नोकरी सोडून गेलेला. ते माझ्याकडे बघत राहिले, मी काहीतरी लहान मुलासारखं बोलत असल्यागत.

आम्ही अण्णांकडे गेलो. अण्णा वाईट माणूस नव्हते, हे मला आजही सांगायचं आहे. भाड्याच्या गाळ्यात दोन लेथ घेऊन त्यांनी सुरुवात केली होती, परदेशी पंपाच्या निम्म्या भावात पंप देऊन गावोगावच्या इस्पितळांत तो पोचवला होता. सगळं ऐकून घेताना त्यांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. संपल्यावर त्यांनी पहिली गोष्ट बरोबर केली. सर्व्हिसच्या सगळ्या माणसांना बोलावलं, उन्हाळ्यानंतरचे पंप कुठं कुठं गेलेत ते काढायला लावलं आणि फोन सुरू करवले. पंप रोग्यावरून उतरवा, आमचा माणूस निघालाय, तोवर वापरू नका. कारण विचारलं तर सुधारणा करायची आहे म्हणून सांगा.

मग दार लोटून घेतलं आणि टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवला. वकिलाचा निरोप होता. फिलोमिना बारदेस्कर यांनी समितीपुढं लेखी कबुली दिली आहे. आवाज बंद करण्याचं बटण आपणच दाबलं.

मी तो निरोप दोनदा वाचला. खुर्ची ओढून खाली बसले.

"बघ पद्मजा," अण्णा म्हणाले, "पंप सगळे दुरुस्त होतील. उद्या कुणाचं काही होणार नाही. आणि बाई स्वतःच म्हणतीया. तिला कुणी मारून लिहून घेतलं नाही."

मी म्हणाले, तो पंप वाजूच शकत नव्हता. बटण दाबलं काय आणि न दाबलं काय.

"दोन्ही खरं असू शकतंय की. पंप वाजणार नव्हता आणि तिनं दाबलंही असंल." त्यांनी चष्मा काढला. "साठ घरं आहेत माझ्यामागं. ती बाई रिटायरला आलीया. समिती तिला समज देऊन सोडणार, तसं बोलणं झालंय. तू एक तोंड उघडलंस की कारखान्याला कुलूप. मला एवढंच सांग, ती गेलेली पोरगी त्यानं परत येणार आहे का?"

त्या क्षणी मला त्यांचं पटलं. हे आता लपवत नाही. दमून गेलं की माणसाला दुसऱ्याचं पटतं. फोन वाजत होते, कुठल्या तरी इस्पितळात अजून तो पंप कुणाच्या तरी हाताला जोडलेला होता, आणि मला फक्त डोळे मिटून घ्यायचे होते. आम्ही बाहेर आलो. गोदामाच्या दाराशी सर थांबले, तो फोडलेल्या खोक्यातला पंप त्यांनी पुन्हा खोक्यात ठेवला, बाहेर न्यायच्या पासवर स्वतःची सही केली, आणि मला म्हणाले, "मी आजऱ्याला चाललोय. तू आलीच पाहिजेस असं नाही."

त्यांच्या जुन्या गाडीतून आम्ही निघालो. निपाणी मागं पडली. संकेश्वरवरून पुढं वळल्यावर सर म्हणाले की त्यांची मोठी मुलगी आता दिवस भरत आलीय, मिरजेत नाव घातलंय, त्या दवाखान्यातही आपलेच पंप आहेत. दोष कळल्याबरोबर पहिला फोन त्यांनी तिथं केला होता. त्याची त्यांना लाज वाटत होती.

सिस्टरांचं घर गावाबाहेर काजूच्या झाडांत होतं. लाल मातीचं अंगण, भिंतीवर एका बाजूला नुकताच चुना मारलेला. दारात त्यांचा भाऊ इनास आडवा उभा राहिला. कंपनीचं नाव ऐकून त्याचा आवाज चढला नाही, पण तो बाजूलाही झाला नाही. आता कशावर सही पाहिजे, एवढंच त्यानं विचारलं. सर म्हणाले, सही नको, एक दाखवायचंय. तो म्हणाला, दाखवायचं होतं तर ती तीनदा तुमच्या दारात आली होती तेव्हा दाखवायचं. आतून सिस्टरांनी सांगितलं तेव्हा त्यानं आम्हाला आत सोडलं.

मला वाटलं होतं, मी सांगेन आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरेल. वाटेत मी वाक्यं जुळवत आले होते. मी सगळं सांगितलं, अटी, नावं, गाळलेल्या ओळी, जमेल तितक्या सोप्या शब्दांत. त्या ऐकत होत्या, साडीचा पदर बोटाभोवती गुंडाळत. मी थांबल्यावर त्या म्हणाल्या, "पण मी बटण दाबलं होतं."

"सिस्टर, तुम्ही तर म्हणत होता..."

"तेव्हा आठवत नव्हतं. नंतर आठवलं. बाजूच्या खाटेवर दुसरी बाई कळा देत होती, मी तिच्याकडं धावले, जाता जाता हात गेला. बोटाला ते बटण मऊ लागलं, ते मला अजून लागतंय." त्यांनी उजव्या हाताची तर्जनी माझ्यापुढं धरली. "सगळे विचारत होते, आठवून बघा, आठवून बघा. मी रात्रंदिवस आठवत होते. मग आठवलं."

मी म्हटलं, तसं झालेलं नाही.

"तुम्ही तिथं होता?" त्यांचा आवाज शांत होता. "बाई, सांगितल्यापासून मला झोप लागतीय. फादरांना सांगितलं, समितीला सांगितलं. लोक शेण टाकायचे थांबले. आता तुम्ही येऊन म्हणता की नव्हतंच. मला आता हलवू नका."

मी सरांकडं बघितलं. कारखान्यातून निघाल्यापासून मला एकच भीती होती की अण्णा काय करतील, पोलीस काय करतील. ही भीती माझ्या मनातही आली नव्हती, की जिच्यासाठी आलो तीच दार लावून घेईल. आणि तिचं चुकत नव्हतं. न केलेल्या गोष्टीचा पश्चात्ताप करून तिनं कसंबसं बूड टेकायला जागा केली होती, आणि मी ती जागा काढून घ्यायला आले होते.

सर उठले. त्यांनी खोकं उघडून पंप जेवणाच्या टेबलावर ठेवला, पाणी मागून घेतलं, सिरिंज भरली, बसवली. नळीचं टोक एका वाटीत सोडलं. मग बाजूला झाले.

"सिस्टर, तुम्ही लावा," ते म्हणाले. "मी हात लावत नाही."

सवयीच्या हातांना सांगावं लागत नाही. त्या उठल्या, नळीतली हवा काढली, गती ठरवली, पंप सुरू केला. थेंब वाटीत पडायला लागले. हिरवा दिवा लागला. मग त्यांनी नळी मुडपून मुठीत धरली आणि उभ्या राहिल्या.

आम्ही सगळे उभे होतो. इनास दारातून आत येऊन थांबला. थेंब बंद झाले होते. पंपाचं सिरिंज ढकलणं चालूच होतं, त्याची अगदी बारीक घरघर तेवढी ऐकू येत होती. सिस्टरांची मूठ आवळत गेली. त्या यंत्राकडं बघत होत्या, ओठ हलत होते. वाज म्हणत होत्या की काय, कोण जाणे. ते वाजलं नाही. शेवटी सिरिंजच्या तोंडाशी नळी निसटली आणि पाणी टेबलभर उडालं.

कुणी पुसायला पुढं झालं नाही.

मग त्यांनी ओल्या हातानं आवाज बंद करायचं बटण दाबलं. त्याबरोबर हिरवा दिवा जाऊन पिवळा लुकलुकायला लागला. हा भाग चालू होता. आवाज दाबून ठेवला असेल तर येणाऱ्या-जाणाऱ्याला कळावं म्हणून तो दिवा आम्ही ठेवला होता. सिस्टर त्या पिवळ्या दिव्याकडं बघत राहिल्या. बघता बघता त्यांचा चेहरा पार बदलला.

"पिवळा नव्हता," त्या म्हणाल्या. "स्वप्नालीची आई उशाशी बसली होती. तिनं विचारलं, सिस्टर, मशीन नीट चाललंय न्हवं? मी दुसऱ्या खाटेवरून मान वर करून बघितलं. हिरवा होता. मी हो म्हटलं."

त्या खाली बसल्या. "मी हो म्हटलं तिला."

इनासनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर आम्हाला बरं वाटलं असतं.

पुढचं लवकर झालं. मुजावर सरांनी समितीपुढं आणि मग पोलिसांपुढं जबाब दिला, सील केलेला पंप उघडायला लावला, त्यातला प्रोग्राम आणि कारखान्यातला एकच आहे हे मी दाखवलं. सिस्टरांची कबुली रद्द झाली. इस्पितळानं त्यांना परत बोलावलं, त्या गेल्या नाहीत. आमच्या कारखान्यावर खटला झाला, तो अजून कुठंतरी चालू आहे. दीड वर्षात कुलूप लागलं. साठातली निम्मी घरं मला ओळखीची होती. अण्णांनी मला कधी दोष दिला नाही, पण रस्त्यात भेटले तर दुसऱ्या बाजूला जायचे. मुजावर सरांनी मिरजेत मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं, पुन्हा कधी प्रोग्राम लिहिला नाही. मी पुण्याला आले.

पण कारखाना बंद व्हायच्या आधी एकदा सिस्टरांचा मला फोन आला होता. त्यांना स्वप्नालीच्या आईला भेटायचं होतं, आणि एकटीनं जायचं नव्हतं. मी गेले.

आजऱ्यापासून आत, नदीकाठच्या एका वाडीत ते घर होतं. स्वप्नालीची आई पारूबाई ओसरीवर सुपात तांदूळ निवडत होत्या. शेजारी पाळण्यात नात. सिस्टरांना बघून त्या उठल्या नाहीत, की जा म्हणाल्या नाहीत. हातानंच बसा म्हणाल्या. सिस्टर बोलायला लागल्या आणि त्यांना बोलता येईना. मग मीच सांगितलं, मी कोण आहे, काय झालं होतं. लिहिताना एकाच गोष्टीला तीन नावं पडली, त्यातलं एक यंत्राला ओळखू येईना, म्हणून तेवढ्या ओळी त्यानं सोडून दिल्या. सांगताना माझं मलाच ते इतकं हलकं वाटायला लागलं की मी मध्येच थांबले.

पारूबाई सुपाकडं बघत होत्या.

"म्हंजे कुणी मुद्दाम काय केलं न्हाई," त्या म्हणाल्या.

नाही, मी म्हटलं.

"नीट करायला लई वेळ लागला?"

मी खोटं बोलू शकले असते. "नाही. एक ओळ होती."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिल्या. पाळण्यातलं पोर कुरकुरलं तसा त्यांनी एका हातानं पाळणा ओढला. सिस्टर ओसरीच्या पायरीवर बसून होत्या, त्यांच्याकडं पारूबाईंनी पहिल्यांदा नीट बघितलं. मग पुन्हा माझ्याकडं.

"आता वाजतंय न्हवं ते?"

"वाजतंय," मी म्हटलं. "सगळीकडं."

"बरं," म्हणाल्या, आणि तांदूळ निवडायला लागल्या.